नव्या डिस्कची जुंपणी

मुरुम,
४ ऑगस्ट २०२४

चि. योगीराज यास,

मुरुमहून बलभीममामाचे आशीर्वाद आणि सोबत एक अडचण. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, अडचण मात्र ताजी आहे.

कान गेल्यापासून फोन माझ्या काही कामाचा राहिला नाही. म्हणून राजेश्वरीने मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करून ई-मेल पाठवायला शिकवलं. सासऱ्याला शिकवणारी सून तालुक्यात दुसरी नसेल. बोटं अजून नांगर धरल्यासारखी पडतात, तेव्हा चूकभूल समजून घे.

अडचण तिच्याच कामाची आहे. ती घरात एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवते हे तुला ठाऊक आहे. मशीन नुसतं टाके घालतं. नक्षी आधी कॉम्प्युटरवर काढावी लागते, मग पेनड्राइव्हमधून मशीनला द्यावी लागते. बाकीचे लोक मोर, कोयरी, कमळ अशा तयार नक्ष्या विकत आणतात. हिच्या सगळ्या स्वतःच्या. करडईचं फूल काढते, तेही काट्यांसकट. जोंधळ्याचं कणीस, बोराटीची फांदी, तुरीची शेंग. ब्लाउजच्या बाहीवर तुरीची शेंग कोण घालणार म्हणून मी पोटभर हसलो होतो. आता आळंदच्या महादेवीअक्का, ज्यांचं तिकडं कापडाचं मोठं दुकान आहे, त्या स्वतः गाडी करून इथं येतात. दिवाळीआधी सगळ्या नक्ष्या एकत्र मांडून दाखव म्हणाल्यात. पटल्या तर त्यांच्या दुकानाचं कायमचं काम हिच्याकडे. माझं हसू बंद झालं.

पण लग्न होऊन आल्यापासून जे काही काढलं ते सगळं कॉम्प्युटरच्या त्या एका डब्यात. गेल्या आठवड्यात लाइट सारखी ये-जा करत होती, त्यात आमच्या शेजारच्या बसप्पाचा झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर जळाला. आतलं काही हाती लागलं नाही. तेव्हापासून राजेश्वरीचं चित्त ठिकाणावर नाही. काल म्हणाली, "मामा, भाऊजींना इचारा की. त्यांचं तेच काम हाय." रणधीर एसटीच्या ड्युटीवर, आणि माझ्या या चिरंजीवाला स्टेअरिंगच्या पलीकडचं काही कळत नाही. तू खानदानातला एकुलता एक कॉम्प्युटर इंजिनिअर. बॅकअपचं सॉफ्टवेअर म्हणून असतं म्हणे. कोणतं घ्यावं ते सविस्तर लिही.

तुझी आई येरमाळ्याला बरी आहे. गुडघ्याचं गाऱ्हाणं आहे, पण ते नसेल तर ती आजारी पडेल.

तुझा,
बलभीममामा

*

पुणे,
७ ऑगस्ट

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

अगदी योग्य माणसाला विचारलंत. लोक कॉम्प्युटर बिघडल्यावर माझ्याकडे येतात, तुम्ही बिघडायच्या आधी आलात, हे फार शहाणपणाचं केलंत.

ऐका. बॅकअपची सॉफ्टवेअरं मुळात दोन जातींची. पहिली जात फक्त फायली उचलून दुसरीकडे ठेवते. दुसरी जात अख्ख्या डिस्कचाच छापा घेते. त्यात विंडोज आलं, प्रोग्रॅम आले, वहिनींच्या नक्ष्या आल्या, सगळं. त्याला डिस्क इमेजिंग म्हणतात. आपल्याला हलकंसलकं काही नको, आपण दुसऱ्या जातीचं घेऊ. विंडोजमध्ये मुळातच एक आहे, पण ते सरकारी दवाखान्यासारखं, असून नसून सारखं. एक परदेशी आहे, फार भारी, पण ते कॉम्प्युटरला धाप लावतं. फुकटवाल्यांपैकी बहुतेक दर चार दिवसांनी आम्हाला विकत घ्या म्हणून पाटी लावतात. मी सगळी पारखून एक काढलं आहे, त्याची लिंक खाली देतो. मी स्वतः दोन वर्षं तेच वापरतोय, कधी दगा दिला नाही.

त्यात क्लोन नावाची एक सोय आहे. नवी डिस्क जोडायची, आणि ती जुन्या डिस्कची हुबेहूब जुळी बहीण होते. उद्या जुनी जळाली तर जुळी बसवा, काम चालू. उमरग्याला चांगल्या कंपनीची नवी डिस्क मिळेल, ती घेऊन ठेवा.

वहिनींना निर्धास्त राहायला सांगा. मी आहे.

आपला,
योगीराज

*

मुरुम,
११ ऑगस्ट

चि. योगीराज,

डिस्क आणली. बैलाच्या खुरापेक्षा लहान आहे, आणि हिच्यात सगळं मावतं यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

तुझं पत्र राजेश्वरीला वाचायला दिलं. वाचून ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, नुसत्या नक्षीच्या फायली रोज संध्याकाळी या डिस्कवर ठेवल्या तर न्हाय का भागणार?" मलाही तसंच वाटलं. पण आम्ही पडलो अडाणी, तेव्हा तूच काय ते सांग.

दुसरं असं, की राखीला ती माहेरी जळकोटला जाणार आहे, चार दिवस राहून येईल. तेवढ्यात मीच हे काम उरकून ठेवावं म्हणतो. तिनं मला टाइप करायला शिकवलं, त्याची फेड म्हण. परत येईल तेव्हा डब्याशेजारी जुळी तयार. तिला काही बोललो नाही, तूही बोलू नकोस. फक्त कसं करायचं ते मला समजेल अशा भाषेत लिही. इंग्रजी आलं की मी उभा राहतो.

तुझा,
मामा

*

पुणे,
१३ ऑगस्ट

ती. मामांस नमस्कार.

वहिनींना सांगा, फायली उचलून ठेवणं ही कॉम्प्युटर नवा आला तेव्हाची पद्धत. आता कोणी तसं करत नाही.

आणि तुम्हाला समजेल अशा भाषेतच सांगतो. नवी डिस्क वायरने जोडा. मी दिलेलं सॉफ्टवेअर उघडा, त्यात क्लोन दाबा. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकटी दिसतील. आता बैल जुंपायचे आहेत असं समजा! एका चौकटीत जुनी डिस्क, दुसऱ्या चौकटीत नवी. जोडी जुंपायची आणि हाकायची, एवढंच काम. मध्ये लाल अक्षरांत इंग्रजी इशारे येतील. ते कंपन्या स्वतःच्या बचावासाठी टाकतात, औषधाच्या पुडीवरच्या बारीक अक्षरांसारखे. घाबरायचं नाही, येस म्हणत पुढं जायचं.

तुमच्याएवढी जोडी जुंपलेला माणूस अख्ख्या पुण्यात नाही, तेव्हा काळजी कसली?

आपला,
योगीराज

*

मुरुम,
२२ ऑगस्ट

योगीराज,

हे पत्र हाताने लिहून पोस्टात टाकतोय, यावरून काय झालं ते तू ओळखलं असशील.

राजेश्वरी जळकोटला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, मी हातपाय धुऊन, कपडे बदलून, देवाला हात जोडून बसलो. तू सांगितलंस तसं सगळं केलं. दोन चौकटी आल्या. जोडी जुंपा म्हणालास. मी जन्मभर जोडी जुंपत आलो. आपल्या घरात नवा खोंड कायम डाव्या अंगाला आणि जाणता बैल उजव्या अंगाला, तुझ्या आजोबांपासून तसंच. मी विचारही केला नाही रे. हात आपोआप गेला. नवी डिस्क डावीकडे, जुनी उजवीकडे. लाल अक्षरं आली, येस म्हटलं. पुन्हा आली, पुन्हा येस म्हटलं. कॉम्प्युटर स्वतः बंद होऊन चालू झाला, आणि चहा पिऊन होईतो काम संपलंसुद्धा. इतक्या लवकर झालं म्हणून मी मिशीवरून हात फिरवला.

मग काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ. ती जाईना. बसप्पाचा मोठा मुलगा बसवेश कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला बोलावून आणला. त्यानं बघितलं आणि पाटीवर लिहावं तसं माझ्या तळहातावर बोटानं बाण काढून दाखवला. कानाशी म्हणाला, "काका, डावीकडचं उजवीकडं वततंय ते. तुमी रिकामं भांडं भरल्या भांड्यावर वतलं."

त्यानंतर जे केलं ते तर ऐक. राजेश्वरी परत आली तेव्हा मी म्हणालो, लाइटीनं उडाला. बसवेशला गप्प राहायला सांगितलं होतं, तो माझ्या शब्दाबाहेर नाही. ती मशीनच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आत ती रडली की नाही मला माहीत नाही, मला ऐकू येत नाही. कान गेल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची इतकी लाज वाटली, की संध्याकाळी जेवायला बसलो तरी मान वर होईना.

काही उपाय असला तर लिही. आणि हे कोणापाशी बोलू नकोस, तुझ्या आईपाशीसुद्धा नाही. म्हातारपणी सुनेसमोर तोंड दाखवायला जागा राहू दे.

मामा

*

पुणे,
२६ ऑगस्ट

ती. मामांस नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटलं. डावं-उजवं बघायला हवं होतं. पडद्यावर मध्ये बाण असतो, तो मी वेगळा लिहिला नाही, कारण तो दिसतोच. पण जाऊ द्या, चुका माणसाच्याच हातून होतात.

बसवेशला सांगून त्याच डिस्कवर विंडोज परत टाकून घ्या, म्हणजे कॉम्प्युटर चालू होईल. वहिनींनी नक्ष्या नव्याने काढायला घ्याव्यात. डोक्यात तर आहेतच, हातही आता बसलेला आहे, दुसऱ्यांदा लवकर होईल.

लाइटीचं सांगितलंत तेच ठीक आहे. खरं सांगून त्यांना उगाच त्रास. मी कोणाजवळ बोलणार नाही, तुम्हीही या पत्रव्यवहाराचा विषय काढू नका.

आपला,
योगीराज

*

मुरुम,
८ सप्टेंबर

ती. योगीराज भाऊजींना राजेश्वरीचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आज लिहितेय. फोन लावला होता, पण रिंग व्हायच्या आधीच ठेवून दिला. बोलायला लागले असते तर रडू आलं असतं, आणि समोर सासूबाई गौरीची तयारी करत बसल्यात.

कॉम्प्युटरचं तुम्हाला मामांनी कळवलं असेल. भाऊजी, चूक माझी आहे. जळकोटला जाताना एसटी येईल म्हणून मी गडबडीत निघाले, भिंतीवरचं बटण बंद केलं की नाही ते मला आठवत नाही. केलं नसणारच. लाइट आली-गेली आणि उडाला. तुम्ही एवढं बारकाईनं मामांना समजावून लिहिलं होतं, मामांनी नवी डिस्क आणून ठेवली होती, आणि मी एक बटण बंद करू शकले नाही. मामा माझ्याकडे बघतही नाहीत. जेवताना ताटाकडे बघतात, बोलले तर भिंतीशी बोलतात. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पाया पडून माफी मागितली, तर ते उठून शेतात निघून गेले.

बसवेशनं कॉम्प्युटर चालू करून दिलाय. त्यावर मी करडईचं फूल परत काढायला घेतलंय, पण ते उतरत नाही. पहिल्यांदा काढलं तेव्हा माघात शेतात जाऊन बांधावर बसले होते, हाताला काटे लागले होते. आता करडई पेरलेलीसुद्धा नाही. आठवून काढते तर नुसतं फूल दिसतं, करडई दिसत नाही. महादेवीअक्का या महिन्याच्या शेवटी येणार.

एकच विचारायचं होतं. जुन्या डिस्कमधून काही परत निघतं का? इथल्या एक बाई म्हणाल्या की पुसलेलंही कधी कधी निघतं, पण त्यांना नक्की माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल. निघण्यासारखं असलं तर मी कॉम्प्युटरला हात लावणार नाही, काम थांबवून ठेवते. तुम्ही सांगाल तसं करते.

तुमची वहिनी,
राजेश्वरी

*

पुणे,
१२ सप्टेंबर

सौ. वहिनींस नमस्कार.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बटणाचं काही सांगता येत नाही, असं कोणाकडूनही होतं.

डिस्कमधून आता काही निघणार नाही. तसल्या आशेवर काम थांबवू नका. आहे त्याच कॉम्प्युटरवर चालू ठेवा. गौरी-गणपतीच्या शुभेच्छा.

आपला,
योगीराज

*

मुरुम,
२९ सप्टेंबर

चि. योगीराज,

काल महादेवीअक्का येऊन गेल्या. राजेश्वरीनं जेवढं नव्यानं काढलं होतं तेवढं कापडावर करून ओसरीवर मांडलं होतं. अक्कांनी एकेक कापड हातात घेतलं, खाली ठेवलं. तुझी मामी, बसप्पाची बायको, गल्लीतल्या दोन बाया, सगळ्या बघत होत्या. मी खांबाला टेकून बसलो होतो. मला शब्द कळत नाहीत, पण तोंडं कळतात. अक्कांचं तोंड उतरत चाललं होतं. तुझ्या मामीनं कानाशी येऊन सांगितलं, अक्का म्हणतात, "ह्यात ते पयलं न्हाय ग, राजेश्वरी. असलं तर कुठंबी मिळतंय." मग राजेश्वरी काहीतरी बोलली. काय म्हणाली म्हणून मी मामीला विचारलं. मामी म्हणाली, ती म्हणते, "अक्का, चूक माझीच हाय. म्या बटन बंद केलं न्हाय."

ती हात जोडून बोलत होती, योगीराज. परक्या बाईपुढं, माझ्या चुकीसाठी.

मी उठलो. बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. मी म्हणालो, "अक्का, तिनं काय बी केलं न्हाय. म्या केलं. नवी डिस्क आणून म्या माझ्या हातानं सगळं पुसलं, आन् लाइटीचं नाव सांगितलं." किती मोठ्यानं बोललो मला माहीत नाही. समोरच्या घरातली माणसं दारात येऊन उभी राहिली, त्यावरून समजलं.

तुझं नाव घेतलं नाही. तू पत्रात सांगितलं होतंस ते नीट न समजून घेणारा मीच. सगळं माझ्यावर घेतलं आणि तेच खरं आहे.

राजेश्वरी माझ्याजवळ आली, कानाशी वाकली. मला वाटलं रागावेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. ती म्हणाली, "मामा, मंग एवढे दिवस मला का बोलू दिलं?" मी ओसरीवरून उतरलो आणि गोठ्यात जाऊन बैलांना वैरण टाकली. टाकलेली होती तरी आणखी टाकली.

सांगितलं तर हलकं वाटेल असं ऐकलं होतं. तसं काही झालं नाही. उलट आता सगळ्यांना माहीत आहे, आणि रोज सकाळी उठून त्याच ओसरीवर बसायचं आहे. पण ती आता बटणाचं बोलत नाही, एवढं झालं. तुला कळवावं म्हणून लिहिलं.

तुझा,
मामा

*

पुणे,
५ ऑक्टोबर

राजेश्वरी वहिनी,

आज सकाळी फोन करून मी फक्त एवढंच बोललो की कॉम्प्युटर आत्ताच्या आत्ता बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. तुम्ही का म्हणून विचारलंत आणि मी फोन ठेवला. का ते तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. हेही भित्रेपणाचंच आहे.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. एका फ्रिजच्या कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी घेतो. समोर कॉम्प्युटर असतो, तेवढंच खरं. नोकरी लागली तेव्हा आईने येरमाळ्यात सगळ्यांना कॉम्प्युटरचं काम म्हणून सांगितलं. मी ते खोडलं नाही. मग तुम्ही सगळे विचारायला लागलात आणि मला ते आवडायला लागलं.

मामांना जे सॉफ्टवेअर सुचवलं ते मी कधी उघडूनही पाहिलेलं नव्हतं. इंटरनेटवर कोणी तरी चांगलं म्हटलं होतं. दोन वर्षं वापरतो हे खोटं. तुम्ही फायली रोज डिस्कवर ठेवू का म्हणालात, ते अगदी बरोबर होतं, पण मला ते फार साधं वाटलं. मामांना मी लिहिलं की बैलांसारखी जोडी जुंपा. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो. कुठली डिस्क कुठल्या बाजूला ते लिहिलं नाही, कारण ते मलाच माहीत नव्हतं. आणि लाल अक्षरं आली तरी येस म्हणा असंही मीच लिहिलं. मामांनी फक्त माझं ऐकलं.

इथपर्यंत लिहायला फारसं जड गेलं नाही. पुढचं जड आहे.

तुमचं पत्र आलं, निघण्यासारखं असेल तर मी थांबते असं लिहिलेलं, त्या दिवशी मी या विषयावर पहिल्यांदा नीट वाचलं. रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली तरी खालचं सगळं लगेच जात नाही. वरची ओळख पुसली जाते, खाली बरंचसं तसंच पडून असतं. त्यावर नवीन काही लिहिलं नाही तर माहीतगार माणूस ते काढू शकतो. विंडोज टाकून घ्या म्हणून मी सांगितलं तेव्हाच थोडं गेलं असणार, ते अज्ञान होतं. पण तुमचं पत्र आलं तेव्हा बाकीचं अजून वाचवण्यासारखं होतं, आणि ते मला समजलेलं होतं. डिस्क माहीतगाराकडे गेली की तो विचारणार, हे झालं कसं? मग मामांचं निघणार आणि मामांच्या मागून माझं. म्हणून मी लिहिलं, काही निघणार नाही, काम चालू ठेवा.

सगळं समजून उमजून लिहिलं. तुम्ही बटणाची माफी मागत होतात आणि मी तुम्हाला मन मोठं करून माफ केलं. ते वाक्य आठवलं की मला स्वतःची किळस येते.

काल मामांचं पत्र आलं. त्यांनी चारचौघांत स्वतःचं सांगितलं आणि माझं नाव घेतलं नाही, ते वाचून मला बसवेना.

डिस्क काढून सोलापूरला डेटा परत काढून देणाऱ्याकडे न्यावी लागेल. मी येतो आणि घेऊन जातो. तुम्ही म्हणाल त्या दिवशी.

योगीराज

*

मुरुम,
२२ ऑक्टोबर

भाऊजी,

तुम्ही येतो म्हणालात, पण मी वाट बघितली नाही. रणधीरनं सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं डिस्क घेऊन सोलापूरला जाऊन आलो. ती परवा परत मिळाली.

जोंधळ्याचं कणीस पूर्ण निघालं. बोराटीची फांदी अर्धी निघाली, तिला पानं नाहीत. आणखी काही बारीकसारीक. बाकी नाही. मी त्या माणसाला विचारलं, विंडोज टाकलं तेव्हा गेलं का? तो म्हणाला, त्यानं थोडं गेलं, पण त्यानंतर तुम्ही महिनाभर जे काम केलं ते जुन्यावर बसत गेलं. म्हणजे मी करडईचं फूल आठवून आठवून परत काढत होते, ते मिटवून पुन्हा काढत होते, तेव्हा जुनं फूल खाली होतं, आणि माझ्याच हातानं पुसत होते. हे तो सहज म्हणाला. त्याला काय माहीत?

महादेवीअक्कांनी दुकानाचं काम दुसरीकडे दिलं. माघात करडई फुलली की परत काढ, मी येऊन बघीन म्हणाल्या. त्या येतील, पण काम परत येईल असं नाही. आता मी रोज संध्याकाळी फायली त्या नव्या डिस्कवर ठेवते. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर घेतलं नाही.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. तुम्ही इंजिनिअर नाही याचा मला राग नाही. तसं सांगितलं असतं तरी आल्यावर चहा तसाच दिला असता. जोडी चुकीची जुंपली गेली त्याचाही राग धरून काय करू? पण मी तुम्हाला एकच विचारलं होतं. थांबू का म्हणून विचारलं होतं. त्याचं उत्तर होय असं दोन अक्षरी होतं.

मामांशी मी पहिल्यासारखी बोलायला लागलेय. पहिले काही दिवस जमलं नाही. मग एकदा त्यांनी माझ्याकडे बघून ताट पुढं केलं, आणि मी भाकरी वाढली, तेव्हापासून जमतंय. ते गल्लीसमोर बोलले होते. त्यानंतर बाया त्यांच्यावर हसतात, त्यांना ऐकू येत नाही पण दिसतं, तरी ते रोज ओसरीवर बसतात.

तुम्ही सगळं पत्रात सांगितलं. पत्र मी एकटीनं वाचलं. घरात कोणाला दाखवलं नाही, रणधीरलाही नाही. त्यामुळे मामांना अजून वाटतं की चूक त्यांची एकट्याची. परवा डिस्क आल्यावर मला म्हणाले, "पोरगं बिचारं एवढं समजावून लिवत हुतं, मलाच अक्कल न्हाय." खरं काय ते माझ्या तोंडानं निघायचं नाही, ते माझं नाही.

दिवाळीला या. मामांनी तुमच्यासाठी आत्ताच पलंग उन्हात टाकलाय. फराळ करा, दोन दिवस राहा. आणि ओसरीवर बसून, त्यांच्या कानाशी, तुम्ही मला जे लिहिलंत ते सगळं त्यांना सांगा. मोठ्यानं सांगावं लागेल. हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही.

राजेश्वरी